स्पिटफायरला मागचं इंजिन

एकच विमान मी इतक्या वेळा केलं की सासूबाईंनी शेवटी शेजारणीला सांगून टाकलं, "तिला दुसरं येत नाय." शेजारीण माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसली. माझ्या चकल्या बिघडतात हे तिला ठाऊक होतंच, आता विमानंही बिघडतात एवढीच तिच्या माहितीत भर पडली.

विमान म्हणजे स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान. आणि करायचं ते संगणकावर. विमान उडवण्याचा एक फुकटातला सिम्युलेटर आहे. जगभरातली हुशार आणि थोडी रिकामटेकडी माणसं त्यात आपापली विमानं करून घालतात. मी खोपोलीच्या एका कारखान्यात पंपांची ड्रॉइंग काढते. पंप फार उपयोगी असतो, पण त्याच्या प्रेमात पडता येत नाही. स्पिटफायरच्या पंखाची रेघ मात्र एकदा स्क्रीनवर ओढली आणि मी खलास झाले. ती खांद्यापाशी निघते, कुठेही सरळ म्हणून होत नाही आणि टोकाला जाऊन अलगद मिटते. ती रेघ नीट जमली त्या दिवशी मी भाजी करपवली, आणि मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

सिम्युलेटरमध्ये या विमानाचा तेव्हा एकच प्रकार होता. उरलेले आपण घालू, असं मी कळवून टाकलं. उरलेले किती आहेत हे आधी बघायला हवं होतं. इंग्रजांनी युद्धभर या विमानाला स्वस्थ बसू दिलेलं नाही. इंजिन मोठं केलं म्हणून नाक लांबलं, नाक लांबलं म्हणून शेपूट वाढवलं. एकाच्या पंखांची टोकं कापली, दुसऱ्याची उलट वाढवली. पंख्याला तीन पाती होती त्यांची चार झाली, चाराची पाच. जहाजावर उतरायचं म्हणून पोटाखाली आकडा लावला. शत्रूचे फोटो काढणाऱ्या काही विमानांना तर चक्क गुलाबी रंग दिला, कारण पहाटेच्या आणि संध्याकाळच्या ढगांत तो दिसत नाही म्हणे. ते गुलाबी विमान सासूबाईंनी बराच वेळ न्याहाळलं आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "ह्ये बरं केलंस."

माझं काम तपासायला परदेशातले एक गृहस्थ होते. त्यांना मी कधी पाहिलं नाही. ते अत्यंत सभ्य भाषेत माझी सालटी काढायचे. काम उत्तम झालं आहे, फक्त डाव्या पंखाखालचं झाकण या प्रकारात गोल नसतं, वगैरे. त्यांची एक अटही होती. प्रत्येक नवा प्रकार एखाद्या अगदी नवख्या माणसाकडून उडवून घ्यायचा, म्हणजे खऱ्या चुका कळतात. नवऱ्याने एकदा उडवलं, स्क्रीनवरच कर्जतजवळच्या पोशीरच्या शेतात नाकावर उभं केलं आणि तो क्रिकेट बघायला निघून गेला. मग घरात उरले मामा.

मामा म्हणजे माझे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले. पुण्याकडे जाणारी गाडी आमच्या कर्जतला थांबते ती प्रवाशांना वडा खाता यावा म्हणून थांबते, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरं म्हणजे पुढे घाट आहे आणि एकट्या इंजिनाच्याने तो चढवत नाही. म्हणून गाडीच्या मागे आणखी इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलतात, तिथे सुटतात आणि परत खाली येऊन पुढची गाडी ढकलायला उभी राहतात. मामांनी सगळी नोकरी बँकरवर काढली. घाट चढताना त्यांच्या समोर कायम शेवटच्या डब्याची पाठ असायची. "एवढी मानसं पुन्याला पोचवली, एकानं मागं वळून बघितलं नाय," असं ते म्हणत आणि खूश होऊन मांडीवर थाप मारत. त्यांच्या लेखी याहून चांगलं काम नव्हतं.

"पायलट पायजे ना? मी पायलटच हाय," मामा म्हणाले. रेल्वेने ड्रायव्हरला लोको पायलट म्हणायला सुरुवात केल्यापासून आमच्या घरात हा शब्द जरा जास्तच वापरला जातो.

सिम्युलेटरमधल्या पोशीरच्या भातखाचरांत मी एक धावपट्टी केली होती. खऱ्या पोशीरमध्ये ती केली असती तर लोकांनी मला चिखलात लावलं असतं. मामा खुर्चीत ताठ बसले, इंजिन सुरू झालं, पंखा फिरू लागला. विमान जागचं हलेना.

"मामा, थ्रॉटल पुढे करा, म्हणजे जोर वाढेल."

"बँकर कुठाय?"

"कसला बँकर?"

"वर जायचंय ना? लोनावळ्याला?"

"हो."

"मंग बँकर लागल. बिगर बँकर घाटात कोन जातंय?"

मी त्यांना समजावलं. हे उडतं. याला रूळ नाहीत. इंजिन हजारावर हॉर्सपॉवरचं आहे. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "इंजिन दमदार हाय, कबूल. समदीच दमदार असत्यात. पन घाट त्यो घाट," ते म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पंखा फिरत राहिला. पेट्रोल संपलं.

मग मी तोडगा काढला की सुरुवात लोणावळ्याच्या आकाशात करू आणि नुसतं खाली कर्जतला येऊ. हे त्यांना पटलं, कारण बँकर रिकामा खाली येतोच. मामा झकास निघाले. खंडाळा गेलं, पुढची वळणं गेली आणि ठाकुरवाडीवर येताच त्यांनी थ्रॉटल बंद केलं. विमान दगडासारखं दरीत गेलं. घाट उतरणाऱ्या गाडीने ठाकुरवाडीला थांबायचं असतं आणि ब्रेक धरतात हे दाखवून मगच पुढे निघायचं असतं, हे कर्जतमध्ये कोणीही सांगेल. विमानाने थांबायचं असतं का, हा प्रश्न मामांना पडलाच नव्हता.

"थांबलं नाय," मामा म्हणाले. "ब्रेक कमी हायेत. लिहून घे."

मी लिहून घेतलं नाही. पण पुढचा प्रकार ठाकुरवाडीला पडला, त्याच्या पुढचा पडला. कापलेल्या पंखांचा, आकड्याचा, गुलाबी, सगळे एकाच दरीत पडले. आणि प्रत्येक वेळी मामांची दुसरी एक तक्रार असायचीच. "धुकं किती टाकलंयस गं! काय दिसत नाय."

मी धुकं कमी केलं. ते म्हणाले, अजून हाय. मी आणखी कमी केलं. शेवटी सिम्युलेटरमधला धुक्याचा आकडा शून्यावर आणला, ऊन लख्ख केलं, ढग काढून टाकले. माझ्या डोळ्यांना स्क्रीन टोचायला लागला. "आता बरं हाय?" मी विचारलं.

"पौषातल्यासारखं हाय," मामा म्हणाले.

मला अक्कल तरीही आली नाही. मी दोन संध्याकाळी स्क्रीनची वायर बदलण्यात घालवल्या. मग एका सकाळी मामा अंगणात गेले आणि दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या नवऱ्याच्या शर्टाला त्यांनी हात जोडून "जय भीम" घातला. शर्ट वाऱ्याने हलला तसं "बसा, च्या टाकायला सांगतो," म्हणाले. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या डोक्यात त्या धुक्याचा उजेड पडला.

डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं की मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे, उजवा पार पिकलाय, लवकर काढा. आणखी थांबलात तर काढणं अवघड होईल आणि त्या डोळ्याची नजर गेली तर परत येणार नाही. मामा म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

मी मागे लागले तेव्हा मामांनी नवीच वाट काढली. "त्ये बोथट शेपटाचं झालं. टोकदार शेपटाचं करतेस ना? त्ये येऊ दे, एकदा उडवतो आन मंग जाऊ." खरं सांगायचं तर मी विरघळले. इतकी वर्षं या घरात माझ्या विमानाची कोणी वाट बघितली नव्हती. मी झपाटून टोकदार शेपटाचं केलं. मामांनी ते ठाकुरवाडीला पाडलं आणि म्हणाले, "झ्याक. पाच पात्यांचं कदी?" पाच पात्यांचं झालं. मग पायलटच्या डोक्यावरची काचेची टोपी वेगळी असते ना एकाची, ते. दवाखान्याची तारीख मिळायची, पुढे जायची, परत मिळायची. परदेशातले गृहस्थ माझ्या कामाच्या झपाट्यावर बेहद्द खूश होते.

एक प्रकार तर असा होता की पंखांखाली बाँबच्या जागी बिअरची पिंपं टांगून ती सैनिकांना पोचवायचे. हे खरंच घडलेलं आहे, मी बनवून सांगत नाही. सासूबाईंना त्याचा पत्ता लागला आणि त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सकाळी पंचशील म्हनायचं आन दुपारी दारूचं विमान करायचं? ह्या घरात नाय चालायचं."

"आत्या, ते नुसतं चित्र आहे," मी सासूबाईंना म्हटलं.

"चित्रात पन नाय."

मग मी त्या पिंपांवर मोठ्या अक्षरांत 'ताक' असं रंगवलं. सासूबाईंचं समाधान झालं. मामांनी ताकासकट ते दरीत घातलं.

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी मामा चारफाट्यावर रस्ता ओलांडायला निघाले आणि समोरून येणारा टेंपो त्यांना दिसलाच नाही. टेंपोवाल्याने कचकन ब्रेक मारला. त्याने खाली उतरून मामांना हाताला धरलं, घरापर्यंत आणून सोडलं आणि दारात उभं राहून आम्हा सगळ्यांची खरडपट्टी काढली. तो गेल्यावर मामा म्हणाले, "ब्रेक चांगले हायेत त्याचे."

माझं डोकंच फिरलं. मी चिडले की माझा आवाज पुढच्या स्टेशनापर्यंत, पळसदरीपर्यंत जातो. "आता एकही विमान करणार नाही!" मी ओरडले. "शेपूट नाही, पाती नाहीत, काही नाही! आंधळे व्हा आणि बसा शर्टांशी गप्पा मारत!" सासऱ्यांशी असं बोलायचं नसतं. मी बोलले.

सासूबाई लसूण सोलत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "भ्यायलेत ते. सांगत नायत."

"भ्यायलो नाय," मामा म्हणाले. "पन आमी कदी पुढं बसलो नाय गं. पुढं काय येतंय ते पुढचा बघनार. त्यो शिटी देनार, आमी शिटी देनार, आन ढकलायचं. त्या आपरेशनच्या टेबलावर तर मी एकटाच. डोळा उघडा ठिवून निजायचं म्हंत्यात. काय येतंय ते बघत. आन मागं कोन?"

मला हसू पण आलं आणि रडू पण. एवढा मोठा माणूस, आयुष्यभर गाड्याच्या गाड्या डोंगरावर चढवल्या, आणि अडला कशाला, तर मागे कोणी नाही म्हणून. मी म्हटलं, "मामा, शेवटचं एक विमान करते. बँकरवालं. तुम्ही पुढे बसायचं, मी मागून ढकलते. लोणावळ्याला पोचलो की दवाखाना."

मामांनी विचार केला. "शिटी लागल," ते म्हणाले.

स्पिटफायरचा हा प्रकार कोणत्याही पुस्तकात नाही. एका विमानाला मी शेपटाखाली, रेल्वेत डब्याला डबा टेकायला असतात तसे दोन बफर लावले, दुसऱ्याच्या नाकाखाली लावले, आणि मागचं पुढच्याला टेकलं की पुढच्याचा जोर वाढेल असं गणित घातलं. मागच्या विमानाचा पंखा पुढच्याच्या शेपटाचा कीस पाडेल, ही गोष्ट मी गणितातून वगळली. भोंग्यासाठी कर्जत स्टेशनच्या पुलावर फोन धरून उभी राहिले आणि एका खऱ्या बँकरचा आवाज घेऊन आले. मामांनी नियम शिकवला. पुढच्याने एक लांब आणि एक तोकडी शिटी द्यायची, मागच्याने तशीच परत द्यायची. मागची शिटी येईपर्यंत पुढचा हलत नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मामा मोठ्या स्क्रीनसमोर बसले आणि मी नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन त्यांच्या मागे सतरंजीवर. दोन्ही संगणक जोडलेले होते. पोंऽऽऽ पों. मामांची शिटी झाली. मी माझ्या भोंग्याची कळ शोधत राहिले. मामांनी इंजिन बंद केलं. "शिटी नाय, गाडी नाय," ते म्हणाले. परत सुरुवात. पोंऽऽऽ पों. या वेळी मी लगेच दिली, पोंऽऽऽ पों, आणि पोशीरच्या भातखाचरांतून एकाला एक चिकटलेली दोन स्पिटफायर निघाली. सासूबाई दारातून बघत होत्या. "लगीन लागल्यावानी चाललीत," त्या म्हणाल्या.

कर्जत खाली गेलं. डावीकडे कोंडाणे लेण्यांचा डोंगर आला. मामांना त्यातलं काही दिसत नव्हतं, म्हणून मी मागून सांगत होते, आता बोगदा, आता वळण, आता ठाकुरवाडी. चढतीला ठाकुरवाडीला थांबायचं नसतं, देवाची कृपा म्हणणार होते, पण आमच्याकडे ती कोणी म्हणत नाही. नुसतं हायसं वाटलं.

"पुढे काय दिसतंय मामा?" मी विचारलं.

"धुकं," मामा म्हणाले. "पन मी पुढं हाय." आणि त्यांनी उगाचच आणखी एक शिटी दिली.

लोणावळा आलं. मामा म्हणाले, "सोड." मी विमान सोडवून बाजूला घेतलं. मामांचं एकट्याचं पुढे चाललं. ते थोडा वेळ बघत बसले आणि मग एकदम खुर्चीतून उठले. "हितनं पुढं मला म्हाईत नाय," ते म्हणाले आणि चप्पल शोधू लागले. विमान त्यांच्याशिवाय पुण्याकडे गेलं. त्याचं पुढे काय झालं ते आम्ही कोणी बघितलं नाही, कारण मामा दारात उभे राहून विचारत होते, "चला, कदी जायचं?" रविवारी दवाखाना बंद असतो हे त्यांना पटवायला बराच वेळ लागला.

त्या गडबडीत मी सगळ्या प्रकारांचं फोल्डर परदेशी गृहस्थांना पाठवून दिलं, त्यात बँकरवालंही गेलं. त्यांचं उत्तर आलं. काम नेहमीप्रमाणे उत्तम होतं. मात्र युद्धकाळात या विमानाला बफर आणि रेल्वेचा भोंगा बसवल्याचा पुरावा त्यांना कुठेही आढळला नव्हता, तो माझ्याकडे असल्यास पाठवावा. तसंच पिंपावर काय लिहिलं आहे तेही कळवावं. पुरावा त्या वेळी माझ्यासमोर बसून चहात खारी बुडवत होता, आणि निम्मी खारी कपाच्या बाहेर बुडत होती.

ऑपरेशन खालापूरच्या बाजूला एका डोळ्यांच्या दवाखान्यात होतं. मामांना हिरवा झगा आणि हिरवी टोपी घातली. उजव्या भुवईच्या वर शाईची खूण केली, म्हणजे डॉक्टर चुकीच्या डोळ्यात शिरणार नाहीत. बाकांवर बरीच माणसं बसली होती, काही तसल्याच टोप्यांत, काही पट्टी बांधलेली. नर्सने मामांचा दंड धरला. "चला बाबा."

मामा चालत दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थांबले. नर्सने हलकेच ओढलं, ते हलले नाहीत. मग त्यांनी मान वर केली, तोंडाचा चंबू केला आणि भर दवाखान्यात आवाज काढला.

"पोंऽऽऽ पों."

नर्सने दचकून हात सोडला. बाकांवरची सगळी डोकी वळली, ज्यांचा एकच डोळा उघडा होता तीसुद्धा. मी कारखान्यात फार कडक बाई म्हणून ओळखली जाते. गप्पा मारत जाणारी माणसं माझ्या टेबलाशी आल्यावर आवाज खाली करतात. मामा पाठमोरे उभे होते आणि वाट बघत होते.

"पोंऽऽऽ पों!" मी ओरडले. आवाज पळसदरीपर्यंत गेला असावा.

मामा आत गेले.

दार लागलं. बाकावरच्या एका आजोबांनी मला विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, आम्ही रेल्वेवाले." त्यांनी मान डोलावली. कर्जतकडचे असणार.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि नर्सने डोकं बाहेर काढलं. ती माझ्याकडे जरा भीत भीतच बघत होती. "अहो ताई, डॉक्टर म्हणतायत त्यांना गप्प पडून राहायला सांगा. ते सारखं विचारतायत, मागचं इंजिन सुटलं का म्हणून. काय सांगू त्यांना?"

"सांगा, लोणावळा आल्याशिवाय सुटत नाही."

ती आत गेली. मला बाकावर जागा होती, पण मी बसले नाही. दाराला दोन्ही हात टेकवून उभी राहिले.